मागं राहिलेली

रायपूरजवळच्या भनपुरीत, कारखान्यांतून तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला महानदीवरचा जुना, अरुंद लोखंडी पूल आठवतो. नदीपल्याड माझ्या बहिणीच्या घरी आई वारली आणि आम्ही तिला गाडीतून रायपूरला आणत होतो. वाटेत नदी लागली की मेलेल्या माणसाला सांगून न्यावं, नाहीतर तो त्याच काठावर राहतो, असं बाबा मानायचे. गाडी पुलावर चढताच ते मागं वळून म्हणाले, "पूल आला वं, संग चाल." तेवढ्यात समोरून ट्रक घुसला. "भैया, पीछे लेना पड़ेगा," ड्रायव्हर म्हणाला आणि लोखंडी सांगाड्यातून गाडी उलटी सरकत पुन्हा त्याच काठावर आली. ट्रक गेला, आम्ही पुन्हा पुलावर चढलो. "आता तू सांग तिले," बाबा कसेबसे म्हणाले. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मला लाज वाटली, मी नुसते ओठ हलवले. पूल संपल्यावर बाबांनी विचारलं, "सांगितलं ना?" मी म्हटलं, "हव." आता बाबाही नाहीत. शेजारच्या नव्या, रुंद पुलावरून येताना मी काच खाली करतो आणि त्या रिकाम्या पुलाकडे पाहून मोठ्यानं म्हणतो, "आई, चाल." मागच्या सीटवरून माझी पोट्टी विचारते, "पापा, किसको बुला रहे हो?"