चेहरा जुळतो

बॅरी गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एमरिस बेननचं मासे-चिप्सचं दुकान होतं. वडिलांच्या मागे त्यानंच ते चालवलं. माणूस कामावर ठेवताना तो एवढंच बघायचा, की गर्दी झाली की हा चिडतो की हसतो.

सियोमारा हसायची. एल साल्वादोरहून जीव वाचवून आलेली ही बाई काम करायची परवानगी नव्हती तेव्हा एका चहावर खिडकीशी बसून राहायची. परवानगीचं कार्ड हातात पडलं तशी धावत आली, "आता ठेवता मला?" एमरिसनं कार्डाची झेरॉक्स काढली आणि तिच्याकडे एप्रन फेकला. पुढे दुकानाची किल्लीसुद्धा तिच्याकडेच राहू लागली.

मग ती कार्डंच बंद झाली. दुकानदारांना नवी रीत समजावायला गावच्या कौन्सिलची एक मुलगी वाचनालयात आली. "आता सगळं इंटरनेटवर," ती म्हणाली. "कार्डावरची मुदत संपायच्या आत कामगाराकडून कोड घ्यायचा, सरकारी वेबसाइटवर घालायचा. त्याचा फोटो येईल. तो आणि समोरचा चेहरा एकच आहे ना, हे नीट बघायचं. पान जपून ठेवायचं."

एमरिसनं सगळं लिहून घेतलं, पण घरी येऊन वही बाजूला सारली.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, मेन्नानं विचारलं.

"माझ्या दुकानाची किल्ली जिच्या खिशात, तिला विचारू, की बाई, तुला इथे काम करायचा हक्क आहे का?"

"विचार की! नाहीतर मी विचारते. आणि तू दुकानात नक्की काय काम करतोस, तेही विचारते."

तरी त्याची जीभ रेटेना. आज गर्दी आहे, उद्या तिचा मूड बरा नाही, असं चाललं. इकडे सियोमाराचं हसू आटत चाललं होतं. गिऱ्हाइकानं व्हिनेगर मागितलं की ती मीठ द्यायची. हिला दुसरीकडे काम मिळालं असणार, एमरिसनं मनाशी धरलं आणि विचारणं आणखी लांबवलं.

शेवटी एका दुपारी, दुकान उघडायच्या आधी, पिठात हात असतानाच तो बोलून गेला, "पोरी, तो तुझा... कोड का काय असतो..."

सियोमारानं एप्रनच्या खिशातून घडी पडून मऊ झालेली चिठ्ठी काढली. "कायमचं राहायची परवानगी आली मला. कोड कधीचा काढून ठेवलाय. तुम्ही विचाराल म्हणून रोज वाट बघायची. विचारत नाही म्हटल्यावर वाटलं, मी नकोच असेन आता."

"अगं, मला लाज वाटत होती!"

"आणि मला भीती!" ती म्हणाली. मग दोघंही हसली, पण तिचे डोळे भरले होते.

मेन्नानं लॅपटॉप आणला. एमरिस एका बोटानं टाइप करू लागला. शून्य की ओ, यावरून नवराबायकोची जुंपली. अखेर पडद्यावर सियोमाराचा फोटो आला.

नियम होता, नीट बघायचं. तिनं टोपी काढली आणि हात पुसून समोर उभी राहिली. इतकी वर्षं दोघं कढईपाशी पाठीला पाठ लावून राबली होती. एवढा वेळ तिच्या तोंडाकडे बघायची वेळ एमरिसवर कधी आलीच नव्हती. चेहरा तोच होता, पण फोटोतले डोळे सुजलेले होते.

"हा कधीचा?"

"आई गेली त्या आठवड्यातला. अर्जासाठी काढावाच लागला."

"तू तर कधी सुट्टीच घेतली नाहीस!"

"बातमी आली तो शुक्रवार होता, मिस्टर बेनन. मासे खायचा वार, रांग दाराबाहेर गेली होती. कुणाला सांगू?"

एमरिस स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. "थांबा जरा!" तो ओरडला, आणि मग हळूच म्हणाला, "नाव काय होतं आईचं?"

"त्रान्सितो."

मग ती बोलत राहिली. आई अंगणात तव्यावर पुपूसा, म्हणजे मक्याच्या भरल्या भाकऱ्या, भाजायची, आत चीज जास्त भरायची, शेजारणीशी भांडायची आणि तिलाच पहिली पुपूसा द्यायची. मेन्नानं तिचा हात धरून ठेवला होता. बाहेर रांग वाढत गेली, कुणी शिट्टीसुद्धा मारली. कढई थंडच राहिली.

"येत्या शुक्रवारी सुट्टी घे," एमरिस म्हणाला. "चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना ठेवायला सांग."

"शुक्रवारी? डोकं फिरलंय का तुमचं? सोमवारी घेते."

"सोमवारी तर सोमवारी. आम्ही दोघंही येऊ."

त्यानं ते पान छापलं, सही करून तारीख घातली आणि फाइलला लावलं. सियोमारा तिथेच घुटमळत होती.

"एक मलाही काढून द्याल? कार्ड गेल्यापासून हात रिकामा रिकामा वाटतो."

एमरिसनं दुसरं पान छापलं. मेन्नानं तेलाचे डाग पडू नयेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. सियोमारानं ते पर्समध्ये ठेवलं, टोपी घातली आणि जाऊन दार उघडलं.