साव्याची मुळं
मुलांनो, आज फुलदाणीतलं कुजकं पाणी ओतताना तोच वास आला, म्हणून आजच लिहिते. अभनपूरच्या शेतात सासूबाईंनी जपलेल्या शेवटच्या बियाण्याचं धान होतं आणि त्यात सावा नावाचं तण माजलं होतं. चिखलाची किळस वाटून मी सावा उपटलाच नाही, कात्रीने वरवर कापला आणि शेत नीटनेटकं दिसतं म्हणून खूश झाले. पंधरवड्यात धान पिवळं पडलं. “वरून हजामत केली तू, सूनबाई. खाली तर तो जेवूनच राहिला,” म्हणत सासूबाईंनी एक बुंधा उपटून माझ्या हातात दिला. साव्याच्या मुळांनी धानाची मुळं करकचून आवळली होती, त्याच कुजक्या वासाचा काळा गाळ माझ्या कोपरापर्यंत ओघळला आणि त्यात जळू वळवळत होती. मी बांधावर ओकले, मग चिखलात उतरून सावा मुळासकट उपटला. टोपलीभर धान वाचलं. त्याचंच बी आम्ही आजही पेरतो.