रोजचा फोटो आणि अण्णांचा शेरा

माझा डोळा चांगला आहे. कुणी कौतुक केलं म्हणून मी हे म्हणत नाही, मला ते ठाऊक आहे. सिडकोतल्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढते. माणसाला कसं उभं करायचं, हात कुठं ठेवायला लावायचा, श्वास कधी रोखायला सांगायचा, हे चुकलं तर डॉक्टरांना काहीच नीट दिसत नाही. इतकी वर्षं हेच करून नजरेला एक सवय लागली. वस्तू समोरून दिसते तेवढीच असते असं धरून चालायचं नाही, जरा बाजूला सरकून बघायचं.

मोबाईलवर रोज एक फोटो काढायला लागले तेही त्या सवयीनंच. दवाखान्यातल्या आम्ही काही बायकांनी एक ग्रुप केला होता. रोजच्या जगण्यातली साधी वस्तू, पण अशी टिपायची की बघणारा थांबला पाहिजे आणि त्यानं विचारलं पाहिजे, हे काय आहे? सूर्यास्त नको, फुलं नकोत, चेहरे नकोत. बाकीच्या लवकरच कंटाळल्या. मी नाही कंटाळले. नळाला पाणी येतं त्या दिवशी गच्चीवरचे भरलेले निळे ड्रम वरून टिपले की आभाळाचे गोल तुकडे मांडून ठेवल्यासारखे दिसतात. ओल्या फरशीत खिडकी उलटी पडते. नवरा आधी हसायचा, मग रस्त्यात स्वतःच गाडी बाजूला घ्यायला लागला. "ते बघ, तुझं काहीतरी आहे तिथं," म्हणायचा.

हे असं रंगात आलेलं असताना एका सकाळी वैजापूरहून आईचा फोन आला. अण्णा न्हाणीत पडले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. वैजापूर, कन्नड, पार पिशोरपर्यंतची शिवारं त्यांनी पायाखाली घातलेली. बांधावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून ते खुणा रोवायचे, आणि त्यांनी एकदा "सरका मागं" म्हटलं की दोन्हीकडची माणसं सरकायची. असा आवाज होता.

लकव्याचा झटका होता. शहरात आणून दवाखान्यात ठेवलं. उजवा पाय हळूहळू ऐकायला लागला, उजवा हात थोडाफार. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जीभ शाबूत आहे, ऐकू येतं, कळतंही सगळं, पण हवा तो शब्द मेंदूतून उचलून ओठांपर्यंत आणायची वाट बंद झाली आहे. ती उघडेल, पण किती आणि कधी, ते कुणी सांगू शकत नाही.

अण्णा अतिदक्षता विभागात असतानाही माझा रोजचा फोटो चुकला नाही. सलाईनच्या थेंबात बाहेरच्या दिव्याचा ठिपका सापडला होता, तो मी टिपला. भेटायला आलेली एक नातेवाईक बाई म्हणाली, "बाप तिथं पडलाय आन् हिला फोटो सुचतात!" त्या दिवसांत औषधं, रिपोर्ट, फोन, डबे यांत तेवढाच क्षण माझ्या हातात होता, आणि तो मी सोडणार नव्हते.

घरी सोडल्यावर अण्णा आणि आई आमच्याकडेच राहिली. बोलणं शिकवायला एक तरुण स्पीच थेरपिस्ट यायची. चांगली होती, शांत होती. तिच्याकडं चित्रांची कार्डं होती. सफरचंद, टोपी, छत्री, हत्ती. ती विचारायची, "बाबा, हे काय आहे?" अण्णांनी हत्तीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. काही दिवसांनी त्यांनी डाव्या हातानं सगळी कार्डं खाली ढकलून दिली.

आणि ते बोलायचा प्रयत्न करणार तरी कधी? आई त्यांना सवडच देत नव्हती. मी विचारलं, "अण्णा, चहा घेता?" तर आतून आई, "घेतील, साखर कमी टाक." थेरपिस्टनं विचारलं, "बाबा, झोप लागली का?" तर आई, "लई उशिरा लागली." आईचा इलाज नव्हता. आयुष्यभर या माणसाचा आवाज ऐकलेला, त्यामुळं घरातली ती शांतता तिला सोसत नव्हती. ती भरून काढायची.

कार्डं गोळा करता करता थेरपिस्ट मला म्हणाली, "त्यांना राग येतोय हे चांगलंच आहे, ताई. पण त्यांना स्वतःहून काहीतरी म्हणावंसं वाटेल असं मला द्या."

त्या दिवशी मी आमच्या कुंपणाच्या भिंतीचा फोटो काढला होता. भिंतीवर दोरीवरच्या कपड्यांची सावली पडली होती आणि मी मोबाईल मुद्दाम तिरका धरला होता. भिंत उतारासारखी दिसत होती आणि सगळे शर्ट घसरून खाली चालल्यासारखे. मला तो फार आवडला होता. संध्याकाळी अण्णांच्या शेजारी बसून मी तो त्यांना दाखवला, काही हेतू मनात न धरता.

अण्णांनी मोबाईल डाव्या हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग भिंत सरळ व्हावी म्हणून त्यांनी मोबाईलच तिरका केला. तर पडद्यावरचा फोटो आपोआप फिरला आणि आणखीच आडवा झाला. त्यांनी पुन्हा फिरवला, फोटो पुन्हा फिरला. कपाळावर आठी आली. ओठ हलायला लागले.

"काय म्हणतात? पाणी पायजे का?" स्वयंपाकघरातून आई.

मी हात वर करून तिला थांबवलं.

"वा," अण्णा म्हणाले. मग पुन्हा, "वा..." मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि मग स्वच्छ, पूर्ण शब्द आला. "वाकडं."

आई पिठाच्या हातानं धावत आली. "काय म्हणले?"

"फोटो वाकडा आहे म्हणतात."

आई दाराला टेकून रडायला लागली. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. "अण्णा, वाकडा नाही आलेला, मुद्दाम तसा काढलाय," मी म्हणाले. "सरळ काढला असता तर नुसते वाळत घातलेले कपडे दिसले असते."

अण्णांनी ठाम मान हलवली. "वाकडं."

थेरपिस्टला हे सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. "मग आता रोज वाकडेच काढा." पण मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. त्यांना बोलतं करण्यासाठी म्हणून मी वाईट फोटो काढणार नव्हते. मला जे खरंच बघावंसं वाटेल तेच आणि मला पटेल तसंच काढणार. ज्या माणसानं जन्मभर खऱ्या-खोट्या खुणा पारखल्या, त्याला दयेनं काढलेला फोटो लगेच ओळखू आला असता.

रोज संध्याकाळी आमची बैठक व्हायला लागली. मी फोटो दाखवायची, अण्णा त्यावर शेरा द्यायचे. सुरुवातीला "वाकडं" आणि "नाय" एवढंच. मग "अंधार" आला, "जवळ" आला, "काय ए?" आला. हे "काय ए" मला सगळ्यात गोड वाटायचं, कारण आता प्रश्न ते विचारत होते. किसणीचा अगदी जवळून काढलेला फोटो त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि "पत्रा" म्हणाले. चूक नव्हतंच ते. एकदा मी तव्यावरच्या भाकरीचा फोटो काढला, जागोजाग डाग पडलेल्या. मला त्यात डबक्यातलं पाणी आटत गेल्यासारखं दिसत होतं. अण्णा बघत राहिले. डाव्या बोटानं एका डागाच्या कडेकडेनं रेघ ओढत गेले आणि म्हणाले, "गाव." मग दुसऱ्या डागावर बोट ठेवून, "नदी." भाकरीचा नकाशा झाला होता. आणि त्यांनी दाखवल्यावर मलाही तो नकाशाच दिसायला लागला, डबकं कुठल्या कुठं गेलं.

आईला मात्र गप्प बसणं फार जड गेलं. ती तोंडाला पदर लावून बसायची. एका संध्याकाळी चहाच्या गाळणीचा फोटो होता. अण्णांना ती ओळखू आली होती, शब्द तेवढा सापडत नव्हता. चेहरा लाल झाला. "गा... गा..." आणि आईच्यानं राहवलं नाही. "गाळणी!" ती ओरडली.

अण्णांनी पलंगावर हात आपटला. "गप!"

आम्ही दोघी त्यांच्याकडं बघतच राहिलो. मग आई जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवशी तिनं वैजापूरच्या सगळ्या शेजारणींना फोन लावले. "अगं, इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. आन् बोलले तर काय, गप म्हणले!"

पुढं थंडीच्या दिवसांत एका रविवारी मी अण्णांना शहागंजच्या बाजारात घेऊन गेले. नवऱ्यानं गाडी जवळ लावली. अण्णा काठी टेकत, आई त्यांच्या दंडाला धरून. तिथं पत्र्याच्या पेट्यांचं एक दुकान आहे. दुकानदार चाचा पेट्या रंगवून दारात एकावर एक रचून ठेवतात आणि सकाळचं ऊन त्यांच्या कडांवर असं बसतं की मी तिथं पुन्हा पुन्हा जाते.

"आवो आपा," चाचा म्हणाले. "फोटो तो भोत लिये. पेटी कब लेते?" पण अण्णांची काठी दिसताच त्यांनी आतून स्टूल आणून दिलं.

मी रस्त्यावर उकिडवी बसले, मोबाईल जमिनीला टेकवला. उतरंडीतली वरची एक पेटी जराशी पुढं आली होती आणि तिचा कोपरा खालून बघताना थेट आभाळात घुसल्यासारखा वाटत होता. मला तोच कोपरा हवा होता.

अण्णांनी काठी उचलून त्या पेटीकडं रोखली. "ती..."

"क्या बोले बाबा?" चाचांनी विचारलं.

आईनं तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एक गिऱ्हाईक पेटीचं कुलूप हातात घेऊन उभं होतं. चाचांनी त्याला हातानंच थांबायची खूण केली आणि अण्णांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले, अजिबात घाई न करता.

"ती वरची," अण्णा म्हणाले. श्वास घेतला. "आत... घ्या."

चाचांनी पेटी आत ढकलली. सगळी उतरंड एका रेषेत आली. "अब ठीक?"

"ठीक."

आणि माझा फोटो गेला! "अण्णा," मी उठून म्हणाले, "तोच कोपरा मला पाहिजे होता. तुम्ही माझा फोटो घालवला."

अण्णा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनंच उमटतं, पण ते हसूच होतं. त्यांनी हात पुढं केला, मोबाईल मागितला. एकाच हातानं मोबाईल धरून बटण दाबायचं होतं. चाचांनी न सांगता त्यांच्या कोपराला आधार दिला. अण्णांनी फोटो काढला. उतरंड बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखी जागा, एकही रेघ कलती नाही.

मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेली नाही, तेव्हाही बोलले नाही. "हा मोजणीचा नकाशा झाला, अण्णा. चूक काढायला जागा नाही, पण बघत राहावंसं वाटत नाही."

त्यांनी पडद्यावरचा फोटो पुन्हा पाहिला. रस्त्यावरचा सगळा गोंधळ आमच्या अंगावरून जात होता. मग म्हणाले, "तुझं... बघावं. माझं... बरोबर."

नवरा गाडीपाशी उभा राहून हे ऐकत होता. तो नंतर म्हणाला, असा निवाडा त्यांनी नोकरीतही दिला नसेल, दोन्हीकडच्यांना आपलंच खरं वाटावं असा. मी त्यांचं म्हणणं अर्धंच मान्य केलं होतं आणि तसं त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलंही. ते वाद घालायला तयारच होते, फक्त शब्द पुरत नव्हते. एका बाजूचं मीच बोलायचं आणि त्यांनी "नाय" आणि "व्हय" म्हणायचं, असा आमचा वाद घरापर्यंत चालला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आई-अण्णा वैजापूरला परत गेली. आई म्हणाली, "आता आमचं आम्ही बघतो," आणि ती खरंच बघते. अण्णांचं बोलणं सगळं आलेलं नाही. प्रत्येक वार त्यांना बुधवारच वाटतो. फोनवर ते इतके थांबतात की अनोळखी माणसं फोन ठेवून देतात. पण मोठ्या पडद्याचा मोबाईल त्यांना आता चांगला हाताळता येतो. रोज ते मला एक फोटो पाठवतात. फाटक, बादली, बाहेर उभी असलेली कांद्याच्या गोण्यांची ट्रॉली, सगळं मधोमध. मी माझा पाठवते आणि त्यावर त्यांचा बोललेला शेरा येतो, एक-दोन शब्दांचा, मधे लांब श्वास.

परवा त्यांचा वेगळाच फोटो आला. गच्चीवर आई सांडगे घालत बसली आहे. पाठमोरी, खांदा कडेला कापला गेलेला, हात चौकटीबाहेर गेलेला, आणि चादरीवरच्या सांडग्यांच्या रांगा तिरक्या होत होत वर निघालेल्या. मी तो मोठा करून बघितला. पुन्हा बघितला. मग फोनच लावला.

"अण्णा, हा मुद्दाम असा काढला?"

ते थांबले. मीही थांबले. मला आता ते जमतं.

"ती," ते म्हणाले, "ती... हलली."

मागून आईचा आवाज आला, "मी कुठं हलले! तुमचाच हात हलला."

"नाय."

"व्हय! मी सकाळधरनं एका जागी बसलेली हाय. तुम्हीच काठी टेकत माझ्या मागं आलात."

"उन्हात," अण्णा म्हणाले. "तू... उन्हात बसली."

"मग सांडगे काय सावलीत वाळतात?"

फोन चालू आहे हे दोघंही विसरली. मी स्पीकर चालू करून मोबाईल ओट्यावर ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली.