आईच्या घड्याळातली पावलं

नाडीचे ठोके कळावेत म्हणून भावाने आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं. खुबा मोडल्यापासून आठ महिने ती अंथरुणातच आहे. परवा संध्याकाळी मी घड्याळाचा पडदा पाहिला. आजची पावलं, चारशे बारा. मी घाबरून भावाला फोन लावला.

तो हसला. “अगं ताई, ही घड्याळं थापा मारतात. लक्ष देऊ नकोस.”

पण मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या उशाशी बसून राहिले. आई गाढ झोपली होती. थोड्या वेळाने तिचा घड्याळ बांधलेला उजवा हात वर आला आणि हवेत सावकाश गोल फिरू लागला. आमच्या लहानपणी ती हातमशीनवर शेजारणींचे ब्लाउज शिवायची, तेव्हा चाक असंच फिरवायची. त्या हालचालीलाच घड्याळ पावलं समजत होतं.

उलगडा झाला, तरी भीती गेली नाही. काहीतरी हलतंय एवढंच यंत्राला कळतं. ती कुठे चालली आहे, हे मला तरी कुठे कळत होतं? मी तिचा हात धरला. तो माझ्या मुठीतही ओढ घेत राहिला.

“सोड गं,” डोळे न उघडताच ती म्हणाली. “ती केव्हाची दारात उभी आहे. झालंच म्हणून सांग तिला.”

मी वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि बाहेर कुणीच नव्हतं. तरी मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, “थांबा हं. अजून बरंच राहिलंय.”