यशवर्धन भावजींचा भोंगा

आमच्या सासरच्या घराण्यात वेड काही नवीन नाही. पणजे सासरे होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते. आजे सासरे त्या घोड्याच्या आठवणीवर जगले. सासरे सिंचन खात्यातून रिटायर झाले, तरी अजून मिशीला पीळ देऊनच दूध आणायला जातात. तेव्हा माझे धाकटे दीर यशवर्धन यांनी शेचाळिसाव्या वर्षी विमा कंपनीतली बरी चाललेली मॅनेजरी सोडून रॉक बार उघडायचं काढलं, तर नवल फक्त मला वाटलं. मी बाहेरची ना. माहेर देवासचं.

"वहिनी," ते मला समजावून सांगायला लागले, "इंदूरमध्ये एक जागा अशी पाहिजे, जिथे लोक फक्त ऐकायला येतील. पोरं स्वतःची गाणी वाजवतील. फर्माइश नाही, वरातीची गाणी नाहीत, काही नाही."

"आणि खायला?"

"खायला काय? शेंगदाणे ठेवू की बीअरबरोबर."

घ्या! माणूस इंदूरच्या स्नेहलतागंजात जन्मला, तिथेच वाढला, आणि म्हणतो शेंगदाणे ठेवू. अहो, इथला माणूस मयतीला गेला तरी परतताना त्या बाजूला कचोरी कुठली चांगली ते विचारून घेतो. पण मी म्हटलं, बरं. दुसऱ्यांच्या स्वप्नात अपन कशाला तोंड घाला.

कॉलेजात असताना भावजींचा एक बँड होता. त्यातला एक पुण्याला गेला, एक बंगलोरला, आणि तिसऱ्यानं फरशांचं शोरूम टाकलं. उरले भावजी आणि त्यांची गिटार. रविवारी खोलीचं दार लावून वाजवत बसायचे. गाणी म्हणे स्वतः लिहायचे. आम्ही कुणी ती कधी ऐकली नाहीत, कारण सूर लागायच्या आत बाहेरून सासऱ्यांचा आवाज यायचा, "यशू, ते यंत्र बंद कर, बातम्या लागल्यात." यशू बिचारा बंद करायचा. लग्न काही जमलं नाही. जमलं असतं तर बायकोनं बंद करवलं असतं, एवढाच फरक.

जागा मिळाली इंदूरबाहेर राऊला, कॉलेजांच्या पट्ट्यात. टायरचं जुनं गोदाम. अर्धे पैसे भावजींचे, अर्धे आमच्या ह्यांचे. हे म्हणजे माझे यजमान, उदयसिंह, घरातले एकमेव शहाणे, असं त्यांचं मत. बारचं नाव ठेवलं 'भोंगा'. का, तर पूर्वी मिलचा भोंगा वाजला की अख्खं शहर जागं व्हायचं, तसं भावजींना शहर जागं करायचं होतं. शहरानं कुणाला विचारलं होतं, देव जाणे. घरात मात्र 'बार' हा शब्द कुणी काढायचा नाही, असं ठरलं. सासऱ्यांना सांगितलं, कॅफे. ते म्हणाले, "दारू मिळते तो कॅफे ना? कळलं." आणि मिशीला पीळ दिला.

आता आमच्याकडे शुभकार्याची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला. मग ते लग्न असो नाहीतर रॉक बार. पत्रिकेवर एक कवटी, कवटीच्या तोंडात गिटार. मी ती ताटात ठेवून, वर सुपारी-अक्षता घालून घेऊन गेले. पुजाऱ्यांनी उलटसुलट बघितली आणि विचारलं, "मुलीकडचे कुठले?" मी म्हटलं, "महाराज, मुलगी नाही, बार आहे." त्यांनी जराही न अडखळता कवटीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पत्रिका लाडवांच्या बाजूला ठेवून दिली. इंदूरमध्ये कुणी उगाच चौकश्या करत नाही.

खरी चूक झाली ती उद्घाटनाच्या दिवशी. आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. भावजींनी शंभरेक माणसं बोलावलेली आणि समोर शेंगदाण्यांच्या वाट्या. सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, आपल्या उंबऱ्यातून पाहुणा रिकाम्या तोंडी गेलाय का कधी? लोक थुंकतील." मी काय, तयारच. पोतंभर कोवळी कणसं आणली, दोन शेजारणींना हाताशी घेतलं आणि भुट्ट्याचा कीस केला. तुपात हिंग-मोहरीची फोडणी, किसलेला मका, दूध घालून मंद आचेवर. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. हक्कानं वाढला, आग्रहानं वाढला. श्रिया नावाची पोरगी गात होती, भूषण नावाचा पोरगा ड्रम बडवत होता, दोघंही राऊच्या कॉलेजातले. त्यांच्याकडे कोण बघतंय! सगळे वाटी चाटत होते.

दुसऱ्या दिवसापासून इंदूरात बातमी. "भिया, राऊला एक जागा खुली है, कीस काय मस्त मिळतो, यार!" रॉक गेला खड्ड्यात. लोक सहकुटुंब यायला लागले. आज्या आल्या, नातवंडं आली, कुणाचं बारसं झालं, कुणाचं केळवण झालं. मी किचनची मुख्य झाले. खोटं कशाला बोलू, मजा यायची मला. तीस वर्षं घरात कीस केला, कुणी 'छान' म्हटलं नाही, आणि इथे परके लोक किचनपर्यंत येऊन नमस्कार करतात.

भावजींची मात्र तऱ्हा बघण्यासारखी. ज्या माणसाला गाणं ऐकवायचं होतं तो दोन्ही हातांत प्लेटा घेऊन टेबलांमधून धावतोय. स्वतःच्या बारमध्ये एकदाही स्टेजवर चढायला मिळालं नाही. एकदा श्रिया डोळे मिटून गात होती, अगदी जीव ओतून, आणि एक काका उठले, थेट तिच्या माइकपाशी गेले आणि म्हणाले, "बेटा, उस टेबल पे निंबू भिजवा दो." तिनं डोळे उघडले आणि भावजींकडे बघितलं. भावजी लिंबू घेऊन धावले. मी दारातून बघत होते. हसू आलं, आणि मग नाही आलं.

पावसाळा संपता संपता आमच्या ह्यांनी बॉम्ब टाकला. "यशू, तो स्टेज काढून टाक. तिथे सहा टेबलं बसतील. बोर्डही बदलू. 'भोंगा फॅमिली रेस्टॉरंट'."

भावजींनी हातातल्या प्लेटा खाली ठेवल्या. मग म्हणाले, "दादा, मला एक शनिवार दे. किचन बंद ठेवू. लोक गाण्यासाठी बसले तर स्टेज राहील. नाही बसले तर मी स्वतःच्या हातानं काढीन."

"मंजूर," हे म्हणाले. मला कुणी विचारलं? किचन माझं, बंद ठेवणार हे दोघं. राजघराण्याचे तह असेच होत असतील.

शनिवारी दाराबाहेर पाटी लावली: आज किचन बंद, फक्त गाणी. इंदूरच्या माणसाला वाटलं, गंमत आहे. सात वाजता हॉल भरला. भावजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना, कारण मला माहीत होतं काय होणार. पहिलं गाणं अर्धं झालं नाही तोच खजरान्याहून दर्शन करून आलेल्या एका कुटुंबानं विचारलं, "भैया, कीस नहीं है तो खोला कायको?" आणि निघाले. त्यांच्या मागे दुसरे. एक बाई मला ओळखून जवळ आल्या, "ताई, यांचं गाणं होईपर्यंत तुमचा कीस होईल का?" मी नाही म्हटलं. त्याही गेल्या. श्रिया आणि भूषण वाजवत राहिले, आणि समोर खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी उरली दोन-तीन पोरं, एसीखाली झोपलेले एक गृहस्थ, आमचे हे आणि मी.

श्रियानं स्टँडवरून माइक काढला. "यश सर, आज तरी या. कुणाला प्लेट द्यायची नाहीये."

भावजी चढले. गिटार लावायला एवढा वेळ लावला की मला वाटलं, परत उतरतात. मग गायला लागले. आवाज काही खास नाही, उगाच कौतुक करणार नाही. गाणं एका माणसाचं होतं. ऑफिसातून येतो, घराखाली गाडी बंद करतो आणि वर जात नाही. गाडीवरच बसून राहतो. कारण वर गेलं की सगळे असतात, आणि बोलायला कुणी नसतं.

मी गॅलरीतून बघितलं होतं हो! कितीदा तरी बघितलं होतं. वाळलेले कपडे काढायला गेलं की खाली भावजी स्कूटरवर बसलेले दिसायचे. मला वाटायचं, फोनवर बोलत असतील. मी वरून ओरडायचे, "भावजी, चहा गार होतोय." आणि ते यायचे. इतकी वर्षं एका छपराखाली, आणि मी चहा देत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, काय लपवायचं.

दुसऱ्या कडव्याला भावजी अडले. शब्दच आठवेनात. तेवढ्यात आमचे हे घड्याळ बघून उठले. "चला, झालं. यशू, सोमवारी सुताराला बोलावतो."

भावजींनी गिटार खाली ठेवली. "हो, दादा," म्हणाले. शेचाळीस वर्षांचा माणूस, अगदी बातम्या लागल्यासारखा.

त्या 'हो, दादा'नं माझं डोकं फिरलं. "बोलवा सुताराला," मी ह्यांना म्हटलं. "सहा काय, बारा टेबलं लावा. पण कीस तुमचा तुम्ही किसायचा."

"अगं, शर्त ठरली होती..."

"शर्त तुमची दोघांची. किसणी माझी. स्टेज गेला की ती घरी आली, आणि मीही."

ह्यांनी आयुष्यात एकदाच मका किसायला घेतला होता, आणि आधी बोट किसलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्या रिकाम्या टेबलांकडे, आणि मग हळूच खाली बसले. मी माझी खुर्ची ओढून स्टेजच्या पुढ्यात घेतली.

"भावजी, पहिल्यापासून म्हणा," मी म्हटलं. "मी कुठे जात नाहीये."