कोपरावाले नाना

दुधाची रिकामी पिशवी नुसती हातात धरून ती कुठल्या घरातली आहे हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नाना. कोणी पिशवी दातांनी फाडतं, कोणी सुरीने भोसकतं, कोणी कात्रीने कोपराच उडवून टाकतं. नानांना सगळ्या घरांच्या सवयी पाठ होत्या. "ही पाचव्या मजल्यावरली. घरात कात्री हाय, पर येळेला घावत न्हाई त्यांला," असं ते सांगत, आणि ते बहुधा खरं निघे.

माझी त्यांची ओळखही पिशवीमुळेच झाली. चिखलीच्या या सोसायटीत येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. अर्धं सामान खोक्यांतच होतं. सकाळी बेल वाजली, दार उघडलं तर इस्त्रीचा शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले एक म्हातारे गृहस्थ उभे. पुढे केलेल्या तळहातावर काहीतरी बारीक चमकत होतं. मला वाटलं, कोणाचं तरी कानातलं सापडलं असावं.

"ताई, ह्ये तुमचंच हाय न्हवं?"

बघते तर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, नखाएवढा.

"पिशवी एका बादलीत, कोपरा दुसऱ्या बादलीत," ते म्हणाले. "पिशवीचं म्होरं काहीतरी व्हतं. ह्या येवढ्याशाचं काय व्हनार? गटारात जानार, न्हाईतर गाईच्या पोटात. कोपरा अर्धाच कापायचा. लोंबकळू द्यायचा." एवढं बोलून त्यांनी तो कोपरा माझ्या हातावर ठेवला आणि समोरच्या दारात शिरले. समोर एक वेडा माणूस राहतो, असं मी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. सगळी सोसायटी त्यांना पाठीमागे कोपरावाले नाना म्हणते, हे मला नंतर कळलं. नानांना ते ठाऊक होतं आणि त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

नाना मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. शेतांच्या जागी कंपन्या आल्या तेव्हा त्यातल्याच एका कंपनीत हेल्पर म्हणून चिकटले आणि क्वालिटी इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. मुलाने चिखलीत फ्लॅट घेतला म्हणून इकडे आले. नोकरी संपली होती, पण तपासायची सवय काही सुटली नव्हती. त्यांच्या बाल्कनीत एक दोरी होती आणि त्या दोरीवर धुतलेल्या पिशव्या चिमट्यांनी उलट्या टांगलेल्या असत, एका रांगेत, सारख्या अंतरावर. सून बिचारी चांगली होती. "पाहुणे आले की मी आधी ती दोरी काढते, मग चहा ठेवते," असं ती मला हसत हसत सांगायची, पण त्या हसण्यात वैतागही असायचा.

रिटायर होताना माणसं घड्याळ घेऊन घरी येतात. नाना लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले होते. कंपनीत एखादा पार्ट खराब निघाला की त्याला लाल चिठ्ठी बांधतात आणि कारण लिहितात. नानांनी तीच पद्धत आमच्या कचऱ्याच्या बादल्यांना लावली. सकाळी दार उघडावं तर बादलीच्या कडीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, वर सुवाच्य अक्षरात: "भाजीच्या देठांत सेल." किंवा "खोक्यात ओला भात. कारण?" माझ्या सासूबाई आमच्या बाळाला बघायला लातूरहून पहिल्यांदा आल्या त्या दिवशीची चिठ्ठी मी विसरणार नाही. "डायपर उघडा. गुंडाळणे." सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्यांनी ती माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली.

मी भांडायला गेले की नानांचं एकच वाक्य ठरलेलं असे. "ताई, म्होरचं स्टेशन आपलं गिऱ्हाईक." म्हणजे लाइनवर तुमच्या हातचा पार्ट ज्याच्याकडे जाणार, तो तुमचं गिऱ्हाईक, त्याला खराब माल द्यायचा नाही. हे वाक्य माझ्या नवऱ्याच्या कंपनीतही पाटीवर लिहिलेलं आहे, पण तो शिफ्ट संपली की ते तिथेच ठेवून घरी येतो.

वाद घालायला मी काही कमी नव्हते. एका उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढत होतो, तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं. प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पिशव्या कसल्या धुता? नाना शांत. "पानी कुटं वाया घालवतो? पिशवीत घोटभर पानी घालायचं, हालवायचं, अन् चहाच्या भांड्यात वतायचं. पिशवी धुतली, दूध बी वाया न्हाई, चहाला बी पानी लागतंच का न्हाई?" घरी येऊन मी तसा चहा करून पाहिला आणि कोणाला सांगितलं नाही.

आमचं पुढचं स्टेशन म्हणजे मंगल. सोसायटीने कचरा न्यायला खासगी टेम्पो लावला होता. त्या टेम्पोबरोबर रोज सातच्या सुमाराला ती यायची. मूळची जालन्याकडची, वयाने माझ्याएवढीच. सगळ्या मजल्यांच्या पिशव्या पार्किंगमध्ये मजल्याप्रमाणे ओळीने आणून ठेवलेल्या असत. ती एकेक उघडायची, बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या असं विकण्यासारखं वेचून पोत्यात भरायची आणि उरलेलं ओल्या-सुक्याच्या दोन मोठ्या बादल्यांत टाकायची. नाना तिच्या आधी अर्धा तास खाली जाऊन पिशव्यांमध्ये काहीतरी उचकत बसलेले असत. चिठ्ठ्यांसाठी पुरावे गोळा करतात, असा माझा समज होता.

एका सकाळी मला ऑफिसला लवकर निघायचं होतं आणि मी नेमकी टेम्पोच्या मागे येऊन थांबले. ड्रायव्हरने ओल्याची बादली टेम्पोत पालथी केली आणि तिच्यावरच सुक्याची. चहाची पत्ती, कागद, भाताचं शीत, सगळं एकत्र. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या दिवसांच्या लाल चिठ्ठ्यांचं उत्तर मला सापडलं होतं.

पुढच्याच रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. नानांनी तिसऱ्या बादलीचा विषय काढला, काच आणि ब्लेडसाठी वेगळी. मी उठले आणि जे पाहिलं होतं ते सांगून टाकलं. "आपण दोन बादल्या करतो, टेम्पोत त्यांची एक होते. मग तिसरी कशाला? मंगल काय ते वेचून घेतेच. आपण उगाच राबतोय." लोक हसले. कोणीतरी टाळी दिली. आता एकच बादली पुरे, असं कोणी म्हणालं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. नाना माझ्याकडे पाहत होते. आता ते काहीतरी खणखणीत बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी खिशाचं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं आणि खाली बसले. मी जिंकले होते, आणि घरी जाईपर्यंत मला ते नकोसं झालं होतं.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. मला मोकळं वाटायला हवं होतं, तसं थोडं वाटलंही. तीन-चार दिवसांनी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. ऑफिसची घाई होती. पूर्वी असती तर नानांच्या धाकाने काच वेगळी ठेवली असती. आता कशाला, सगळं एकातच तर जातंय, असं म्हणून मी सगळे तुकडे भाजीच्या सालींबरोबर काळ्या पिशवीत भरले आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नाना. उजवा हात रुमालात गुंडाळलेला आणि रुमाल लाल झालेला. डाव्या हातात वर्तमानपत्राची पुडी. "तुमची बरनी," ते म्हणाले. "लोनच्याच्या वासावनं वळखली."

मी त्यांना स्वयंपाकघरात आणून खुर्चीवर बसवलं. हळदीचा डबा शोधून काढला. पिशवीत हात कशाला घातलात, असं मी त्यांच्यावर ओरडलेच. काय करणार, दुसरं काही बोलायला तोंडच नव्हतं.

"रोजच घालतो," नाना म्हणाले. "मंगल यायच्या आधी समद्या पिशव्यांत एकदा हात फिरवून ठेवतो. आज बरं झालं. तिच्या आधी माझा गेला."

मी हळद दाबून धरली. ते बोटाकडे बघत बसले होते. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्या घरातही कोणाला ठाऊक नव्हतं.

"कंपनीत व्हतो तवाची गोष्ट हाय, पोरी," ते म्हणाले. एरवी ते मला ताई म्हणत. "शिफ्ट सुटली, बस हॉर्न देत व्हती. तपासायला काढल्याली पत्र्याची पट्टी हातात व्हती माझ्या. पत्र्याचा डबा लांब, तेलाच्या चिंध्यांचा डबा जवळ. टाकली चिंध्यांत अन् पळालो. दुसऱ्या दिवशी चिंध्या निवडनाऱ्या बाईनं त्यात हात घातला. दोन बोटं कामातनं गेली तिची. रिपोर्टात लिवलं, कामगाराची हयगय. अन् त्या कागदाव इन्स्पेक्टर म्हनून सही कुनाची? माझी."

मी विचारलं, "पुढे त्या बाईचं काय झालं?"

"ठेक्यावरली व्हती. परत आली न्हाई. नाव बी ठावं न्हाई मला."

गॅसवरचा चहा उकळून उकळून काळा झाला होता. मी म्हटलं, "नाना, हे तुम्ही मीटिंगमध्ये का नाही बोललात? मी एवढं तोडून बोलले."

"तुमी खोटं कुटं बोललात? गाडीत मिसळत्यात, मला लई आधीपासनं म्हाईत हाय. पर पोरी, गुंडाळल्याली काच मिसळली तरी गुंडाळल्यालीच ऱ्हाती का न्हाई?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखं केलं आणि चहात साखर जास्त मागितली. त्या दिवसापासून आमच्या घरात काच फुटली की ती वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहिली जाते, आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा लोंबकळता राहतो. बाकीच्या सोसायटीला मात्र मी काही सांगू शकले नाही. नानांची गोष्ट नानांचीच होती. लोकांना मीटिंगमधलं माझं भाषण तेवढं लक्षात राहिलं.

कचरा वेगळा केल्याने खरंच काही होतं का, हा वाद आमच्या घरात अजून होतो. नवरा मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवतो, धुतलेल्या पिशवीचं पुढे काय होतं, त्याला किती वीज लागते वगैरे. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पृथ्वी वाचते की नाही ते मला माहीत नाही. नानांनीही पृथ्वीचं नाव कधी काढलेलं मला आठवत नाही. त्यांची नजर फक्त पुढच्या हातापर्यंत जायची.

मागच्या दिवाळीनंतर नाना गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मुलगा त्यांना गावीच घेऊन गेला. दहाव्याला आम्ही दोघं जाऊन आलो. परतल्यावर सुनेने बाल्कनीतली दोरी मात्र काढली नाही.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी खाली गेले तर मंगल पिशव्या उघडत होती. तिच्या हातात लोखंडी आकडी होती. आधी आकडीने पिशवी फाडायची, मग ढवळायची, मग दोन बोटांनी एकेक वस्तू उचलायची. काम हळू चाललं होतं आणि ड्रायव्हर तिच्यावर खेकसत होता. मी तिला विचारलं, "मंगल, ही आकडी नवीन घेतलीस का?"

"नवी कुठली, ताई? लई जुनी हाय," ती म्हणाली. "बाकीच्या सोसायट्यांत हीच वापरते की मी. तुमच्या हितं लागत नव्हती. हितं माह्या आधी बाबाचा हात फिरलेला असायचा. मी डोळे झाकून हात घालायचे." मग तिने पुढची पिशवी ओढली आणि आकडी खुपसली.

मला तिथे उभं राहवेना. ही बाई दिवसभर कचऱ्यात हात घालते, आणि हाताची काळजी न करता हात घालता येईल अशी जागा तिला आमच्याच पार्किंगमध्ये होती. ती मी मीटिंगमध्ये उभी राहून हसण्यावारी नेली होती. नानांच्या बोटाला हळद लावताना जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी त्या आकडीकडे बघून वाटली.

आता साडेसहाला मी खाली जाते आणि मंगल यायच्या आधी आमच्या मजल्याच्या पिशवीत हात फिरवून ठेवते. सुनेने नानांच्या उरलेल्या लाल चिठ्ठ्या मला दिल्या आहेत. पण त्या कोणाच्या बादलीला बांधण्याआधी मी आमच्याच मजल्यापासून सुरुवात केली. बाकीच्या तिन्ही दारांशी गेले, मीटिंगमध्ये मी चुकीचं बोलले होते असं सांगितलं, आणि काच फुटली तर कशी गुंडाळायची ते दाखवलं. एक-दोघांनी तोंडं वाकडी केली. मला आता पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. दुपारी ऑफिसात जेवताना हाताला वास येतोय असं उगाच वाटत राहतं.

परवा मंगलने नेहमीप्रमाणे एकेका मजल्याची पिशवी ओढली आणि आकडीने फाडली. तिसऱ्या मजल्याची, म्हणजे आमची पिशवी आली तेव्हा तिने आकडी बाजूला ठेवली, गाठ सोडली आणि सरळ हात आत घातला. पुढच्या पिशवीला तिने आकडी पुन्हा उचलली. अजून सहा मजले बाकी आहेत.