मागचं चाक

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली न्हाई. पोरांना न्हाई, आक्काला तर न्हाईच न्हाई. देवाला कावून सांगू? तो तिथंच व्हता, मी बेलभंडारा उचलला तवा. तुमी माझ्या वळखीचे न्हाईत, म्हणून तुमच्यापुढं बसलोय. वळखीचं माणूस समोर आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटती, ती लई वर्षं झाली चिकटूनच हाय.

कुठनं सुरू करू? गाडीपासनं करतो. गाडीबद्दल बोलाया मला सोपं जातं — हे बी एक पळणंच हाय, कळतं मला.

आमच्या गावच्या दूध संस्थेची पिकअप मी चालवायचो. गाव मांजरसुंब्यापासनं आत. सकाळी गावातलं दूध कॅनमधी भरायचं, चिलिंग सेंटरला पोचवायचं आन् दुपारपर्यंत रिकामे कॅन घेऊन माघारी. दुष्काळाचं साल व्हतं. कापूस करपला, विहिरींच्या तळाला चिखल बी राहिला न्हाई, बैलं छावणीच्या दावणीला गेली. कुणाची एखादी म्हैस, कुणाची जर्सी गाय घरी तगून व्हती, तिच्या दुधावर घरं चालायची. ते दूध माझ्या गाडीत असायचं. लोक मला डायवर म्हणायचे, पण मान चेअरमनसारखा द्यायचे.

पाणी म्हणाल, तर गावात फक्त संस्थेच्या बोअरला व्हतं. बाकी टँकरची वाट बघायची. मग मारुतीच्या पारावर बैठक बसली आन् ठरलं — ह्या बोअरचं पाणी माणसाला प्यायला आन् कॅन धुवायला, बस. शेताला थेंब न्हाई, झाडाला थेंब न्हाई. घराघरातल्या कर्त्या माणसानं बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आन् भंडारा तळहातावर घेऊन शब्द दिला की आमच्याकडं माणूस मेला तरी तो शब्द मोडत न्हाई. बोअरच्या मोटरची चावी माझ्याकडं असायची, म्हणून मी जरा मोठ्या आवाजातच बोललो.

आता दाजीचं सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. फाट्यावर पत्र्याचं शेड टाकून गाड्या दुरुस्त करायचा. माणूस तोंडाळ, बढाया मारणारा. कुणाची बी गाडी फाट्यावर वळली की शेडातनंच वरडायचा, "क्लच गेलाय बे तुझा, उतर खाली!" आन् दहातल्या आठ येळा खरं निघायचं. उरलेल्या दोन येळा तो म्हणायचा, डायवर खोटं बोलला. पिकअपचं काम त्याला मीच मिळवून दिलतं. चेअरमनपुढं शब्द टाकला व्हता, आमचा पाव्हणा हाय, हाताला चांगला हाय म्हणून. ते खोटं नव्हतं. तेवढं एक तरी खोटं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गाडी डावीकडं वढाया लागली.

तुमी कधी अशी गाडी चालवलीय का? सरळ रस्त्यावर स्टेरिंग जरा सैल सोडलं की तोंड खड्ड्याकडं. दिवसभर उजवीकडं धरून धरून खांदा भरून यायचा. मी चार दिवस तशीच दामटली. मग चेअरमनच एक दिवस शेजारी बसला, त्याच्या ध्यानात आलं, आन् गाडी दाजीकडं न्यावीच लागली.

दाजीनं आधी स्वतः चालवून बघितली. हवा बघितली. पुढची दोन्ही टायरं अदलाबदल केली — टायरचा दोष असता तर गाडी उजवीकडं वढली असती. न्हाई वढली. मग पुन्हा एक फेरी मारली आन् उतरून दोन्ही चाकांच्या ड्रमवर हात ठेवला. ब्रेक एका बाजूला धरत असला तर ते चाक तापतं. दोन्ही सारखीच. जॅकवर घेऊन चाकं हलवली, बेरिंगं बघितली. घामानं निथळत गाडीखालनं बाहेर आला आन् मला इचारलं, "पाव्हणं, कुठं आदळली का गाडी? पुढनं, मागनं, कुठं बी?"

मी म्हणलं, "न्हाई दाजी."

दुसऱ्या डायवरला तो तीनदा इचारायचा. आईची शपथ घालायचा. मला एकदाच इचारलं. म्हणला, "तुमी म्हणता म्हंजी न्हाईच."

आदळली व्हती. हे घ्या, बोललो एकदाचं. पण अजून पुरतं बोललो न्हाई — थांबा जरा.

माझ्या बापानं वड्याच्या पल्याड मोसंबी लावली व्हती. थोडीच झाडं, पण हातानं जगवलेली. ती वाळाया लागली. पानं गोळा झाली, शेंडे काळे पडले. मी रोज गाडीतनं बघायचो. आन् एक दुपारी कॅन धुताना मी कॅन रिकामे केलेच न्हाईत. बोअरच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरले, झाकणं लावली. दुधाचे कॅन कोण उघडून बघतंय? भर उन्हात गावात कुत्रं बी फिरत नव्हतं. गाडी वड्यात घातली, झाडांच्या आळ्यात पाणी वतलं. दुसऱ्या दिवशी बी. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी. त्याच येळेला आमच्या आळीतल्या बाया रिकाम्या घागरी रांगेत लावून सावलीला बसलेल्या असायच्या. मी त्यांच्यासमोरनं गाडी न्यायचो. एकदा एका म्हातारीनं हात करून राम राम घातला, मी बी घातला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणत्यात ते हेच.

असंच एकदा वड्यात गाडी रिव्हर्स घेत व्हतो. भरलेले कॅन, मागं सगळा भार, आन् डावं मागचं चाक काळ्या दगडावर जाऊन धडकलं. गाडीखालनं कट्‌कन आवाज आला. मी उतरून बघितलं. चाक जाग्यावर, टायर फुटलेलं न्हाई. कॅन वतले आन् निघालो. डांबरीवर आल्या आल्या गाडी डावीकडं गेली.

आता सांगा, मला ठाव नव्हतं का? मिस्त्री नसलो तरी डायवर तर व्हतो. पण दाजीला दगड सांगितला की तो इचारणार, कुठला दगड? वड्यातला. वड्यात कावून गेलते? आन् दाजीच्या पोटात काय राहायचं न्हाई. शेडातनं फाट्यावर, फाट्यावरनं पारावर. बेलभंडारा मोडला म्हणून गावानं माझ्या घरी पाणी बी पिलं नसतं. चोराच्या मनात चांदणं — मला तर दगडाचा द सुद्धा तोंडातनं काढवत नव्हता.

मग दाजीनं सुतळी काढली. ही गोष्ट जरा समजून घ्या, सगळं इथंच हाय. खेड्यातला मिस्त्री मशीन कुठनं आणणार? तो मागच्या चाकाला सुतळी लावतो आन् पुढच्या चाकापर्यंत ताणतो. मागचं चाक सरळच असतं असं धरतो आन् पुढचं त्याला जुळवतो. माझ्या गाडीचा दोष मागं व्हता. पाट्याचा, म्हंजी मागच्या स्प्रिंगचा, मधला बोल्ट तुटून मागचा धुरा एका बाजूनं सरकला व्हता, बोटभर. दाजीनं ते वाकडं चाक सरळ धरलं, माझ्या शब्दावर, आन् पुढची चांगली चाकं त्याला जुळवत बसला. उन्हं कलेपर्यंत बसला. सुतळी पुन्हा पुन्हा ताणायचा, एक डोळा झाकून बघायचा, मान हलवायचा. मी लिंबाखाली उकिडवा बसून बघत व्हतो. आक्कानं चहा आणून दिला, तो पिलो.

गाडी आणखीच बिघडली. दाजी म्हणला, ठेवून जा, उद्या सगळी खोलतो. पण सकाळचं दूध कोण थांबवणार?

दुसऱ्या दिवशी घाटाच्या वळणाला समोरनं एसटी आली. मी डावीकडं घेतली आन् गाडीनं तेच मनावर घेतलं. ती परत आलीच न्हाई. चारीत कलंडली. मला खरचटलं सुद्धा न्हाई. कॅन मात्र सगळे आडवे झाले. गावातल्या घराघरातलं दूध काळ्या मातीच्या भेगांत गेलं. भेगा एवढ्या मोठ्या व्हत्या, की वर थारोळं बी साचलं न्हाई.

संध्याकाळी संस्थेत बैठक बसली. ज्यांचं दूध गेलं त्या बाया दाराशी उभ्या व्हत्या. कुणी शिव्या दिल्या न्हाईत, त्याचंच भ्या वाटत व्हतं. चेअरमननं मला इचारलं, काय झालं? दाजी समोर बसला व्हता, हाताला अजून ग्रीस.

मी काय म्हणलं, ते जसंच्या तसं सांगतो. मी म्हणलं, "दाजींनी हात लावल्यापासनं जास्त वढाया लागली."

खरंच व्हतं की ते. खोट्याचा एक शब्द न्हाई त्यात. असं बोलाया लई हुशार माणूस लागतो — तो मी.

दाजी उठला. पारावर जाऊन बेलभंडारा घेऊन आला, सगळ्यांसमोर तळहात पुढं केला आन् म्हणला, कामात मी काय लबाडी केली असंल तर माझं वाटुळं हुईल. मागनं कुणीतरी म्हणलं, "बेलभंडाऱ्यानं स्टेरिंग सरळ हुत न्हाई, मिस्त्री." लोक हसले. दाजीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

संस्थेचं काम गेलं. मग ट्रॅक्टरवाले जायचे थांबले, मग जीपवाले. पाव्हण्याची गाडी ज्याला सरळ करता आली न्हाई त्याच्याकडं कोण जाईल? तोंडाळ माणूस, पण त्यानंतर फाट्यावरनं गाडी गेली तरी शेडातनं आवाज यायचा न्हाई. दिवाळी झाली आन् दोघांनी मुकादमाकडनं उचल घेतली, ऊस तोडाया गेले. माझ्या आक्कानं जन्मात कोयता धरला नव्हता. पहिल्या साली परत आली तवा तिचे तळहात बघून माझी आई रडली. मी बी रडलो. आईला वाटलं, भाऊ हाय, रडणारच.

पुढं संस्थेनं ती पिकअप दुरुस्त न करता, तशीच विकली. घेणाऱ्याच्या मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आन् लगीच म्हणला, मागनं मार लागलाय हिला. मी शेजारीच उभा व्हतो. घरी येऊन जेवलो. हे दाजीला जाऊन सांगता आलं असतं, तवाबी. शेड उभं व्हतं, हत्यारं व्हती. न्हाई सांगितलं.

झाडं जगली. बहर लई चांगला यायचा.

दाजीला कावीळ झाली, ती अंगात मुरली. उसाच्या फडावरनं त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी गेलो तवा दुपार व्हती. डोळे पिवळेधमक, पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. आक्का औषध आणाया खाली गेलती. मी घरची मोसंबी नेली व्हती. आजारी माणसाला नेत्यात, मी बी नेली. रस काढून दिला, दाजीनं दोन घोट घेतले. म्हणला, गोड हाय, तुमच्या बागंतली का? मी हो म्हणलं.

मग त्यानं पेला माझ्या हातात परत दिला. म्हणला, "पाव्हणं, त्या गाडीचं मला अजून कळलं न्हाई. फडावर पडल्या पडल्या सगळी खोलतो मी ती, रोज. बोल्ट न् बोल्ट. कावून वढत व्हती वो?"

मी म्हणलं, "काय माहीत, दाजी."

त्यानं माझा हात धरला. बोटं गरम व्हती. म्हणला, "चेअरमनपुढं तुमी माझ्यासाठी शब्द टाकला व्हता. मी तुमाला मान खाली घालाया लावली. मनाला लई लागून राहिलंय. मला माफ करा."

आता तरी? खाटंभवतीच्या पडद्यामागं कुणी नव्हतं. आक्का अजून खालीच. त्याच्यापाशी दिवस उरले नव्हते, त्याच्या पोटातनं आता काय बाहेर जाणार व्हतं? एक दगड सांगायचा व्हता, बस. रसाचा पेला माझ्या हातात व्हता.

मी म्हणलं, "जाऊ द्या दाजी. केलं माफ."

त्यानं डोळे मिटले. आक्का आली, तिनं बघितलं, म्हणली, आज जरा शांत झोपलेत.